मंगळवारी संध्याकाळी सायकल बाहेर निघते का?

(परदेशी शिकायला निघालेल्या पुण्यातल्या सायकलस्वारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या हातात दोन-तीन ॲडमिट, म्हणजे प्रवेश मिळाल्याची पत्रं, आहेत आणि होकार कळवायची तारीख जवळ आली आहे. रँकिंग काय, फंडिंग किती, प्रोफेसर कोण, नोकऱ्या कुठे लागतात, हे सगळं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त घोळवलंय. त्यात मी पडत नाही. फंडिंग सोडा आणि ट्रेलच्या, म्हणजे डोंगरातल्या मातीच्या वाटेच्या मागे जा, असं सांगितलं तर मागे बसलेले तुमचे आईवडील मला या सभागृहातून बाहेर पडू देणार नाहीत. पण दोन जागा तुल्यबळ असतील आणि तुम्ही दर रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्याशी सापडणाऱ्यांपैकी असाल, तर कुठे जायचं हे ठरवताना सायकललाही एक मत द्यायला हरकत नाही.

डोंगराळ भागातल्या विद्यापीठांच्या माहितीपत्रकात एक वाक्य ठरलेलं असतं: उत्तम माउंटन बायकिंग अवघ्या तासाभरावर. हा तास गाडीचा असतो. पहिल्या वर्षी तुमच्याकडे गाडी नसते, लायसन्स नसतं, आणि ज्या रूममेटकडे गाडी असते त्याला सायकलचं वेड नसतं. म्हणून मी एकच गोष्ट तपासायला सांगतो. मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला लॅबमधून सुटलात, तर खोलीवरची सायकल काढून, पेडल मारतच ट्रेल गाठून, अंधार पडायच्या आत परत येता येतं का? रविवारचं कोणीही जमवतं. पन्नास मैलांवरची स्वर्गासारखी ट्रेल सेमिस्टरमधून दोनदा घडते. घरामागची साधी ट्रेल आठवड्यातून तीनदा घडते, आणि पाय त्यावरच तयार होतात.

यात चोख बसणारं, आणि मी जवळून पाहिलेलं ठिकाण म्हणजे सॉल्ट लेक सिटीतली युनिव्हर्सिटी ऑफ यूटा. कॉम्प्युटरवाल्यांना ती माहीत असेलच. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटच्या पहिल्या चार केंद्रांपैकी एक १९६९ मध्ये तिथे होतं. पण मला सांगायचंय ते त्याच्याही कितीतरी आधीचं. हिमयुगात तिथे बॉनव्हिल नावाचं अवाढव्य सरोवर होतं. सुमारे १८,००० वर्षांपूर्वी उत्तरेला, आजच्या आयडाहोत त्याचा काठ फुटला, पाणी निघून गेलं आणि पुढे आटत आटत आजचं खारं सरोवर तेवढं उरलं. लाटांनी वासॅच पर्वताच्या अंगात कोरलेला जुना काठ मात्र शाबूत राहिला. गावातून वर पाहिलं तर डोंगरात कोणी पायरी खोदल्यासारखा तो आडवा दिसतो. त्या काठाला धरून बॉनव्हिल शोअरलाइन ट्रेल जाते, आणि ती थेट कॅम्पसच्या मागून जाते. रेड ब्यूट गार्डन आणि नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या बाजूने चढलात की टायरखाली माती, डाव्या-उजव्या हाताला वाळकं गवत आणि खाली अख्खं शहर. मंगळवारसाठी याहून जास्त काय हवं?

आता उजेडाचा हिशोब. पुण्यात वर्षभर सूर्य सहा ते सव्वासातच्या दरम्यान मावळतो, त्यामुळे आपल्याला या गोष्टीची सवयच नसते. सॉल्ट लेकमध्ये जूनअखेर सूर्यास्त रात्री नऊला होतो आणि डिसेंबरात संध्याकाळी पाचला. आणि गंमत बघा, जूनमध्ये तुमच्यापैकी निम्मे जण इंटर्नशिपसाठी दुसऱ्याच राज्यात असणार! वरच्या डोंगरांतल्या ट्रेल्स साधारण नोव्हेंबरपासून बर्फाखाली जातात आणि मोकळ्या व्हायला जून-जुलै उजाडतो. म्हणजे सेमिस्टर आणि सीझन यांची खरी गाठ पडते ती सप्टेंबर-ऑक्टोबरात. ते दोन महिने मात्र असे असतात, की रिसर्च गाईडने मीटिंग ठेवली तरी राग येतो.

याच्या बरोबर उलटं गणित ॲरिझोनात. टेंपीच्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत आपली मुलं भरपूर जातात. 'बाप रे, ४५ अंश!' म्हणून सायकलवाले ते नाव यादीतून उडवतात, ते मला पटत नाही. ४५ अंश जून-जुलैत. ऑक्टोबर ते एप्रिल, म्हणजे जवळजवळ सगळ्या शिकण्याच्या काळात, हवा सायकलसाठीच बनवल्यासारखी असते. पापागो पार्कचे लालसर दगड कॅम्पसपासून चार-पाच किलोमीटरवर आहेत, आणि साउथ माउंटन हा फीनिक्स शहराच्या मालकीचा १६,००० एकरांहून मोठा पार्क सायकलच्या टप्प्यात आहे. दगड, खडक, पुन्हा दगड. सस्पेन्शनची आणि मनगटांची परीक्षा. ॲरिझोनात घड्याळं तासभर पुढे करायची पद्धत नाही, त्यामुळे उन्हाळ्यातही पावणेआठलाच सूर्य मावळतो. तिथली मंडळी हेल्मेटवर दिवा लावून रात्री चालवतात.

एक जुना ओळखीचा शत्रू तिथे भेटेल: सराटा. आपल्या माळावर चपलेत घुसतो तोच, त्याच जातीचा, अमेरिकेच्या पश्चिम भागात पसरलेला आहे. कॅम्पसच्या सायकल स्टँडच्या कडेलाही असतो. ट्यूब असलेल्या टायरने ॲरिझोना किंवा यूटात दिवस काढायचे म्हणजे पंक्चर काढण्यातच डिग्री. ट्यूबलेस करा, आत सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारा द्रव भरा, आणि दर काही महिन्यांनी ते वाळलं नाही ना, बघत जा.

पुन्हा यूटाकडे येतो, कारण नियमांबद्दल बोलायचंय. आपल्याला वाटतं, डोंगर म्हणजे मोकळा माळ, कुठूनही घाला सायकल. तिथे प्रत्येक उताराला मालक असतो: शहर, काउंटी, वनखातं. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याखाली राखलेल्या जंगलात सायकलला मज्जाव आहे, आणि सॉल्ट लेकच्या डोक्यावर असलेला बराच देखणा डोंगर त्यातच मोडतो. मिलक्रीक कॅन्यनच्या वरच्या ट्रेल्सवर सायकल फक्त सम तारखेला चालते. विषम तारखा कुत्र्यांच्या. तेव्हा ती पट्ट्याशिवाय हुंदडतात. शहराला लागून असलेल्या सिटी क्रीक कॅन्यनच्या रस्त्यावर उन्हाळ्यात नेमकं उलट, सायकल विषम तारखेला. भिंतीवर कालनिर्णय लावायचं इतकं सबळ कारण मला परदेशात दुसरं सापडलेलं नाही. रस्त्याचं किंवा पाण्याच्या योजनेचं काम निघालं की हे नियम बदलतात, तेव्हा ट्रेलहेडवरची, म्हणजे ट्रेल सुरू होते तिथली पाटी वाचायची.

पाटीवर नसलेला नियम चिखलाचा. आपल्याकडे पहिल्या पावसात सायकल घेऊन टेकडीवर जाणं हा सण असतो. तिथे ओल्या ट्रेलवर जाणं हा उद्धटपणा समजतात. शोअरलाइनच्या काही भागांतली माती चिकट आहे. बर्फ वितळल्यावर ती टायरला चिकटते, फोर्कमध्ये साचते, आणि शंभर फुटांत चाक फिरायचं थांबतं. तुम्ही उतरता, काडीने खरवडता, पुन्हा तेच. पण त्रास तुमचा नाही, ट्रेलचा आहे. तुमच्या चाकाची खोल चाकोरी वाळून कडक होते आणि पुढचे काही महिने सगळे तिच्यावरून धडपडतात. ही ट्रेल राखणारे लोक पगारी नाहीत, शनिवारी फावडं-कुदळ घेऊन येणारे स्वयंसेवक आहेत. एकदा त्यांच्यात जा. ज्या ओळखी व्हायला विभागात वर्ष लागतं, त्या तिथे दुपारपर्यंत होतात. पुढे गाडीत जागा लागते तीही याच मंडळींकडे मिळते.

सॉल्ट लेकची वाईट बाजूही सांगतो, नाहीतर मी तिथला एजंट वाटेन. हिवाळ्यात थंड हवा दरीत तळाला साचते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि गाड्यांचा-घरांचा धूर कित्येक दिवस तिथेच कोंडतो. त्या दिवसांत हवा इतकी घाण असते की दम्याचा त्रास असलेल्याने हे शहर निवडताना दहादा विचार करावा.

बाकीची नावं पटकन घेतो. डेव्हिस, कॅलिफोर्निया: १९६७ मध्ये अमेरिकेतल्या पहिल्या सायकल लेन तिथे आखल्या गेल्या, कॅम्पसवर सायकलींसाठी वर्तुळाकार चौक आहेत, रोज सायकलने वावरायला याहून चांगलं गाव अमेरिकेत क्वचितच. पण जमीन पोळपाटासारखी सपाट. रोड बाइकवाल्यांनी जावं, डोंगरवाल्यांनी मन मारावं. बोल्डर, कोलोरॅडो: फोटोत सगळ्यात सुंदर, घाटरस्ते अप्रतिम, पण फोटोतल्या त्या फ्लॅटआयर्न सुळक्यांखालच्या बहुतेक पायवाटांवर सायकलला बंदी आहे. जवळच्या बेटासोला जाता येतं, तेही बुधवार-शनिवार सोडून.

इथे बारावीनंतर जाऊ इच्छिणारी काही मुलं दिसतायत. त्यांनी कोलोरॅडोतल्याच ड्युरँगोचं फोर्ट लुईस कॉलेज बघावं. गावावरच्या पठारावर कॉलेज, आणि कॉलेजला चिकटून हॉर्स गल्चच्या ट्रेल्स. १९९० मध्ये माउंटन बायकिंगची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा ड्युरँगोलाच झाली आणि पुरुषांची क्रॉस कंट्री शर्यत गावच्याच नेड ओव्हरेंडने जिंकली. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, तिचा मार्गही याच गावातून जातो. मास्टर्सवाल्यांना तिथे फारसा वाव नाही, कॉलेज मुख्यतः पदवीचं आहे.

मग घरबसल्या तपासायचं कसं? ट्रेलफोर्क्स हे ट्रेल्सच्या नकाशांचं ॲप उघडा. विद्यापीठाचं नाही, तर ज्या भागात विद्यार्थी भाड्याने राहतात तिथलं ठिकाण टाका आणि जवळच्या ट्रेलहेडपर्यंत सायकलचा रस्ता काढा. वाटेत हायवे ओलांडावा लागतो का, चढ किती, बसला पुढे सायकलची रॅक आहे का, एवढं पाहा. मग त्या ट्रेलच्या नोंदींच्या तारखा वाचा. नोव्हेंबर आणि मार्चमध्ये कोणी फिरकत नसेल तर कारण शोधा. विद्यापीठाच्या सायकलिंग क्लबला ईमेल करा. बहुतेक वेळा उत्तर येतं, आणि प्रोफेसरांपेक्षा लवकर येतं.

सायकल इथून नेऊ का, असं हमखास विचारतात. नेऊ नका. पेडल, शूज आणि सवयीची सॅडल न्या. तिथे मे महिन्यात पास होऊन निघालेली मुलं चांगल्या हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकली) स्वस्तात काढून टाकतात. तुम्ही ऑगस्टमध्ये पोचता, म्हणून क्लबमधल्या कोणाला तरी मे महिन्यातच सांगून ठेवा. घेताना फ्रेमखालचा सिरियल नंबर चोरीच्या यादीत नाही ना, हे बघून घ्या. यू-लॉकवर पैसे वाचवू नका. आणि आरोग्य विम्याचं पत्रक आलं की पहिल्यांदा ॲम्ब्युलन्सचा खर्च कोण उचलतो ती ओळ शोधा. हात मोडला तर हातापेक्षा ते बिल जास्त दिवस दुखतं.

व्हिसा आणि भाड्याचे प्रश्न तेवढे मला विचारू नका. सायकलचे विचारा.