दहा वर्षांचे ताळेबंद: गावच्या देवस्थानाचा जमाखर्च

गावच्या देवस्थानाची आर्थिक तब्येत एका वर्षाच्या आकड्यांवरून कळत नाही. जत्रा जोरात झाली की शिल्लक दिसते, कळसाचं काम निघालं की तूट. लागोपाठ दहा वर्षांचे ताळेबंद शेजारी शेजारी मांडले, की मग दुखणं सापडतं.

पेटी उघडताना पंच बसतात, सील तपासतात, दोन विश्वस्तांकडच्या दोन किल्ल्या लागतात. नोटा वेगळ्या, नाणी वेगळी. मोजणी, पंचनामा, सह्या. गडबड होते ती यानंतर. मोजलेल्या रकमेतून मंडपवाल्याचं बिल तिथंच भागवलं जातं आणि उरलेली रक्कम जमेला धरली जाते. मग उत्पन्नही कमी दिसतं आणि खर्चही. आधी सगळी रक्कम बँकेत भरायची, देणी नंतर धनादेशानं द्यायची.

जीर्णोद्धारासाठी पावती फाडलेली देणगी दिवाबत्तीला खर्च झाली, की ताळेबंदात जीर्णोद्धार निधी पाच लाख राहतो आणि बँकेत असतात दीड लाख. भक्तानं ज्या कामासाठी पैसे दिले, ते काम होणार कशातून? म्हणून एका बाजूचे निधी आणि दुसऱ्या बाजूच्या ठेवी दरवर्षी जुळवून पाहायलाच हव्यात.

सगळ्यात हळू लागणारी गळती व्याजाची. २०१३-१४च्या सुमारास ९ टक्के मिळत होते, तेव्हा दहा लाखांच्या ठेवीवर ९० हजार यायचे. २०२० मध्ये दर पाच-साडेपाच टक्क्यांवर आला आणि तेच व्याज ५०-५५ हजार झालं. त्याच वर्षी मार्चपासून १६ नोव्हेंबरपर्यंत महाराष्ट्रातली मंदिरं बंद होती. पेटी रिकामी, पण पुजाऱ्याचं मानधन आणि वीजबिल चालूच. सहा-आठ महिन्यांचा नित्यखर्च बचत खात्यात असेल, तरच अशा वेळी ठेव मोडावी लागत नाही.

दर घसरले की पतसंस्थेचं जादा व्याज खुणावतं. तिथं पैसे ठेवू नयेत. पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकेतल्या ठेवींना आहे, पतसंस्थेतल्या ठेवींना नाही. शिवाय न्यासाचा पैसा कुठं गुंतवायचा, हे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३५नं ठरवून दिलं आहे.

आणि विश्वस्त वारला किंवा बदलला, तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा. तो राहिला, की नव्या विश्वस्ताची सही बँक मान्य करत नाही आणि मुदत संपलेली ठेवही वेळेवर हाती येत नाही.