नवं मांजर आणताय? आधी वास, मग तोंडओळख

नमस्कार मंडळी! पावसाळा लागला की माझ्याकडे एकच प्रश्न येत राहतो. "ताई, पार्किंगमध्ये भिजलेलं पिल्लू सापडलं, घरी आणलं, आणि आमची मांजर त्याच्या अंगावर धावून गेली. आता काय करू?" मागच्या व्हिडिओखाली तर याच कमेंट जास्त होत्या, म्हणून आज फक्त याच विषयावर बोलू.

सुरुवातीचं भराभर सांगते. नवं पिल्लू आणलं की आधी डॉक्टर. जंताचं औषध, पिसवा, कान, आणि अंगावर कुठे गोल टक्कल पडलंय का ते दाखवून घ्या. तो नायटा असला तर तुम्हालाही होतो. मोठं मांजर असेल तर ल्युकेमिया आणि एफआयव्ही, म्हणजे मांजरांकडून मांजरांना लागणाऱ्या दोन विषाणूंसाठी रक्ततपासणी. लसीकरण साधारण 8 आठवड्यांपासून, पुढचे डोस 3-4 आठवड्यांच्या अंतराने, रेबीजची लस 3 महिन्यांच्या सुमारास. घरच्या मांजरीची लस राहिली असेल तर तीही आताच. आणि नव्या पिल्लाला दोन आठवडे वेगळी खोली. पॅनल्युकोपेनिया, म्हणजे ज्याला आपण मांजरांचा पार्वो म्हणतो, तो जीवघेणा आजार पिल्लू हुंदडत असतानाही अंगात असू शकतो, आणि त्याचा विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकतो. त्या खोलीत फिनाईल मात्र नको. फिनॉल मांजरांना विषारी असतं. ब्लीच पाण्यात पातळ करून पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच पिल्लू आत सोडा.

आता मुद्द्याचं बोलते. दार बंद ठेवायचं हे लोक ऐकतात. पण बंद दाराआड करायचं काय? तर वासाची ओळख. नेमकी हीच पायरी सगळे गाळतात.

स्वच्छ सुती मोजा घ्या. नव्या पिल्लाच्या गालांवरून, हनुवटीखालून हळुवार फिरवा. तिथे गंधग्रंथी असतात. मांजर सोफ्याच्या कडेला, तुमच्या पायाला गाल घासतं ना, ते तिथलाच वास लावत असतं. तो मोजा घरच्या मांजरीच्या ताटलीपासून लांब, जमिनीवर ठेवा. नाकाला लावायचा नाही, अंथरुणात ठेवायचा नाही. तिने हुंगलं, फिस्कारली, निघून गेली, तरी चालेल. मोजा थोडा आणखी लांब सरकवा, शेजारी तिचा आवडता खाऊ ठेवा. तिचा वास लावलेलं दुसरं फडकं पिल्लाकडे जाऊ द्या. मोज्याशेजारी बसून ती आरामात खायला लागली की पुढे जायचं. माझी मनी त्या मोज्यामुळे हॉलचा तो कोपराच सोडून गेली होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "किती थेरं, सोड की एकत्र." मी मोजा खिडकीपाशी नेला आणि तिच्या कलाने घेतलं. एका दुपारी बघते तर बाईसाहेब मोज्यावर डोकं ठेवून झोपलेल्या! त्यानंतरचं सगळं सोपं गेलं.

एका दादांनी लिहिलंय, "आमच्या गावाला दहा मांजरं होती, कोणी मोजे फिरवले नाहीत." दादा, खरं आहे. पण ती बहुतेक आई, मावशी, बहिणी, त्यांची पिल्लं असतात. एकमेकींच्या वासातच वाढलेली. आणि नाही पटलं तर पडवी आहे, गोठा आहे, माळा आहे. वन बीएचकेमधल्या मांजरीने जायचं कुठे? पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकेतलं रानमांजर, एकट्याने शिकार करणारं. परक्या वासाचं जनावर आपल्या हद्दीत, याचा अर्थ तिच्या लेखी धोका एवढाच.

अजून पटत नसेल तर हे बघा. बरोबर वाढलेल्या दोन बहिणींपैकी एक नसबंदी करून दवाखान्यातून परत येते, आणि दुसरी तिच्यावर गुरगुरते. अनेकांनी हे घरी पाहिलंय. रूप तेच, आवाज तोच, फक्त अंगाला दवाखान्याचा वास. सख्ख्या बहिणीला वासावरून परकं ठरवणारं जनावर अनोळखी पिल्लाला नुसतं बघून कसं आपलं म्हणेल?

म्हणूनच त्या रील्स बघून माझा जीव तुटतो. पिल्लाला हातात धरायचं, मांजरीच्या तोंडासमोर न्यायचं, "बघ, छोटा भाऊ आला!" पिल्लाला पळता येत नाही, मांजर बिथरते, आणि राग निघतो जो हाताशी येईल त्याच्यावर. कृपा करून हे करू नका. चावा किंवा ओरखडा बसलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

वास रुळला की खोल्यांची अदलाबदल. पिल्लू हॉलमध्ये, मांजर त्याच्या खोलीत, समोरासमोर न येता. मग दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, आधी लांब, रोज थोडं जवळ. मग दर्शन. डासांची जाळी असलेलं दार असेल तर उत्तम, त्यावर चादर टाका आणि खालून थोडी थोडी वर करा. वेगळी खोली नसेल तर मोठा पिंजरा, तोही चादरीने झाकलेला. शेवटी थोडा वेळ एकत्र, दोघांपुढे दोरीचं खेळणं, आणि खेळ रंगात असतानाच थांबवायचं.

फिस्कारण्याला घाबरू नका, ओरडू तर अजिबात नका. फिस्कारणं म्हणजे "लांब राहा" असं सांगणं. ते ऐकलं तर भांडण टळतं. मला काळजी वाटते ती आवाज न करता एकटक रोखून बघणाऱ्या मांजरीची, दुसऱ्याची लिटरकडे, म्हणजे शी-शूच्या डब्याकडे, जायची वाट अडवून बसणारीची. तसं दिसलं की मध्ये पुठ्ठा धरा, वेगळं करा, एक पायरी मागे जा. "भांडू दे, ठरवतील आपापसात" हे ऐकू नका. एकदा जबर मारामारी झाली की ती भीती निघायला खूप काळ जातो.

दोन मांजरांना तीन लिटर बॉक्स, वेगवेगळ्या जागी. कपाटाच्या वरची जागा मोकळी करून द्या, उंचावर बसायला मिळालं की जुनं मांजर निवांत होतं. बोका लिटरमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय आणि लघवी होत नाहीये, तर उद्यावर ढकलू नका, लगेच डॉक्टर. आणि बोका-मांजरी अशी जोडी असेल तर नसबंदीची तारीख आधी ठरवा. मांजरी चार महिन्यांचीसुद्धा गाभण राहू शकते.

तुमचं कुठे अडलंय ते कमेंटमध्ये लिहा, पण दोघांचं वय, नर की मादी, नसबंदी झालीय का, आणि मोज्याची पायरी कुठवर आलीय, एवढं नक्की लिहा. त्याशिवाय मला नीट सांगता येत नाही.