ड्रम कधी येणार?

(दृश्य : पूर्व भागातली गल्ली. रात्र. यंत्रमागांची खटखट.)

सोलापूरच्या पूर्व भागात रात्री लाइट गेली की माणसं जागी होतात. पंखा बंद पडला म्हणून असेल, म्हणता? छे. शेजारच्या कारखान्यातले माग थांबलेले असतात. खटखटीवर झोपणाऱ्या वस्तीला चुकलेला ठोका लगेच कळतो. म्हणून एका ड्रमरची गोष्ट इथूनच सांगतोय.

फिल कॉलिन्स. जन्म १९५१, लंडन. पाचव्या वर्षी खेळण्यातला ड्रम मिळाला, तो सुटलाच नाही. १९७० मध्ये जेनेसिस या बँडला ड्रमर हवा होता. ऑडिशन गायक पीटर गेब्रियलच्या आईवडिलांच्या घरी. पोरगं वेळेआधीच पोचलं. ‘तोवर पोहून घे’ म्हणाले. आधी आलेल्यांचं वाजवणं बाहेर स्विमिंग पुलापर्यंत ऐकू येत होतं. नंबर लागला तेव्हा याचं सगळं पाठ! आपल्याकडं पोरं हलगी अशीच उचलतात, मिरवणुकीच्या कडेकडेनं चालत.

१९७५ मध्ये गेब्रियलनं बँड सोडला. नवा गायक शोधून सगळे थकले आणि शेवटी मागं बसणारा ड्रमरच माइकसमोर आला.

(दृश्य : फिरती रेकॉर्ड. मागाचा आवाज हळूहळू बंद.)

मग पहिलं लग्न मोडलं. त्या दिवसांतली गाणी घेऊन १९८१ मध्ये त्याचा पहिला सोलो अल्बम आला, ‘फेस व्हॅल्यू’. त्यातलं ‘इन द एअर टुनाइट’ ऐका. ठेका देणारं एक यंत्र बारीक टकटकतंय, हा दबक्या आवाजात गातोय, आणि ड्रमरच्या गाण्यात ड्रमच नाहीत! साडेतीन मिनिटं उलटतात. मग ते कोसळतात.

तो आवाज आधी गेब्रियलच्याच सोलो अल्बमच्या वेळी सापडला होता. वादकांचं बोलणं काचेपलीकडं ऐकू जावं म्हणून स्टुडिओत एक माइक टांगलेला असतो. त्यातून ड्रम भलतेच दणदणीत ऐकू आले. ध्वनितंत्रज्ञ ह्यू पॅडमनं त्या ठोक्यांचं घुमणं विरायच्या आतच तोडलं, कात्रीनं सूत तोडावं तसं. पुढं दहा वर्षं जो तो तसेच ड्रम वाजवत होता.

त्यानंतर कॉलिन्सचे दोन माग एकदम चालले, बँडचा आणि स्वतःचा. १३ जुलै १९८५, दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीचा कार्यक्रम लाइव्ह एड : दुपारी लंडनमध्ये गायला, आवाजापेक्षा वेगानं उडणारं कॉनकॉर्ड विमान पकडलं आणि त्याच दिवशी अमेरिकेत, फिलाडेल्फियात. त्या काळातली त्याची काही गोड गाणी मला तरी पचत नाहीत. असो.

मानेच्या मणक्यांचं दुखणं बोटांत उतरलं. २०१० च्या अल्बमसाठी काठ्या हाताला चिकटपट्टीनं बांधाव्या लागल्या.

२०१७ च्या दौऱ्यात तो खुर्चीत बसून गात होता. ड्रमवर मुलगा निक, वय १६. तेच गाणं लागलं. बारीक टकटक. बाप माइक धरून बसलेला, अख्खं सभागृह ठोक्याची वाट बघतंय...

(दृश्य : अंधारी गल्ली. लाइट येते. माग सुरू.)