उडी मारणारा शब्द

श्रोतेहो, नमस्कार.

एखाद्या सरकारी योजनेची माहिती इंग्रजीत आली की वरती हमखास लिहिलेलं असतं, ‘सेलियंट फीचर्स’. मराठीत आपण ‘ठळक वैशिष्ट्ये’ म्हणतो. चूक काहीच नाही. पण ठळक म्हटलं की जाड टाइपातली, जागच्या जागी बसलेली अक्षरं डोळ्यांपुढे येतात. सेलियंट हा बसून राहणारा शब्दच नव्हे! लॅटिनमध्ये ‘सालिरे’ म्हणजे उडी मारणं. सेलियंट म्हणजे उडी मारणारा.

इंग्रजीत तो सोळाव्या शतकात आला, तो सरदारघराण्यांच्या ढालींवर. मागच्या पायांवर उभा, पुढचे दोन्ही पाय उचलून झेप घेणारा सिंह, तो सेलियंट. मग किल्ल्याच्या तटाचा बाहेर आलेला कोनही सेलियंट झाला. पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्र गावापाशी दोस्तांची आघाडी अशीच जर्मनांच्या बाजूला फुगून पुढे गेली होती. तिथे तिन्ही बाजूंनी तोफा लागायच्या. १९१५ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातली आपली लाहोर डिव्हिजन तिथे लढली.

पण या शब्दाचा जीव आहे तो अंड्यात. अॅरिस्टॉटलने लिहून ठेवलंय, कोंबडीच्या अंड्यात तीन दिवस-रात्री उलटल्या की पांढऱ्यात रक्ताचा ठिपका दिसतो, आणि तो जिवंत असल्यासारखा उड्या मारतो. तेच हृदय. पुढच्या विद्वानांनी लॅटिनमध्ये त्याला नाव दिलं ‘पुंक्तुम सालिएन्स’, उडता ठिपका. रक्ताभिसरण उलगडणाऱ्या विल्यम हार्वीनेही १६५१ च्या आपल्या ग्रंथात त्याचं वर्णन केलंय. ‘सेलियंट पॉइंट’ आला तो इथून. आधी अर्थ होता, जिथून सगळं सुरू होतं ती जागा. नजरेत भरणारा मुद्दा, हा अर्थ नंतरचा.

मी तो ठिपका पाहिलाय. खुडूक कोंबडी बसवली की पाचव्या रात्री आजी एक अंडं मुठीत धरून खालून बॅटरी लावायची. तांबूस उजेडात कोळ्याच्या पायांसारख्या बारीक शिरा, आणि मधोमध तो, टुकटुक, टुकटुक. “जीव धरलाय गं,” म्हणायची, आणि अंडं ऊब जायच्या आत परत कोंबडीखाली सारायची.

आपल्याकडे ‘उठून दिसणं’ आहेच की. त्यातही हालचाल आहे, बसलेलं काहीतरी उठतं. सेलियंटच्या सगळ्यात जवळचा मराठी शब्द मला हाच वाटतो. ‘योजनेत उठून दिसणाऱ्या गोष्टी’ असं कुणी छापलं, तर मला फार आवडेल.