रडणाऱ्या लेकराचं पोट

[दृश्य : लातूर जिल्ह्यातलं एक गाव. चुलीपुढं आई ताटात भाकरी कुस्करतेय.]

ज्वारीची भाकरी वरणात इतकी मऊ करायची, की बोटाला कण लागू नये. मग लेकीला ताठ बसवून एकेक घास. एका जेवणाला पाऊण तास सहज जातो. मुलगी बोलत नाही, हात सारखे एकमेकांवर चोळत राहते. तिला रेट सिंड्रोम हा मेंदूच्या वाढीचा आजार आहे. हा आजार बहुतेक मुलींनाच होतो. एमईसीपी२ या जनुकातल्या बिघाडामुळं तो होतो, हे १९९९ साली कळलं.

मेंदूचा आजार म्हटलं की सगळे फिटकडं बघतात, चालण्याकडं बघतात. पोट राहून जातं. खरं तर आतड्याच्या भिंतीतही मज्जापेशींचं जाळं असतं आणि मेंदू घडवणारी काही जनुकं तिथंही राबतात. मोवॅट-विल्सन सिंड्रोम हा असाच जनुकातल्या बिघाडाचा आजार. तो झालेल्या बऱ्याच बाळांमध्ये मोठ्या आतड्याच्या टोकाला या पेशी पोचतच नाहीत. तेवढा भाग सैल पडत नाही, शी तुंबते आणि ऑपरेशन करावं लागतं.

रेटमध्ये आतड्याची चाल मंद असते. त्यात हालचाल कमी, पाठीला बाक, फिटची काही औषधं. शिवाय या मुली हवा गिळतात, त्यामुळं पोट नगाऱ्यासारखं टम्म फुगतं. आपल्याकडं पाण्याचा विषय निघाला की टँकर आठवतो. पण इथं घागर भरलेली असली तरी मुलगी तहानलेली राहू शकते. पातळ पाणी गिळताना ठसका लागतो, म्हणून घरचे भीत भीत दोन घोट देतात. वर मे महिन्याचं ऊन. मग शी कडक होते.

[दृश्य : उशाशी औषधांचा डबा, शेजारी वही.]

सगळ्यात फसवी गोष्ट इथं घडते. कडक शीचा गोळा आत अडकतो आणि त्याच्या कडेनं पातळ शी झिरपत राहते. कपडे खराब होतात. घरच्यांना वाटतं, जुलाब लागलेत. जुलाब थांबवायची गोळी दिली जाते आणि अडलेलं आणखी अडतं. म्हणून आधी डॉक्टरांकडून पोट तपासून घ्या. शी मऊ ठेवणारं औषध बऱ्याच मुलांना रोज, महिनोन्‌महिने लागतं. दोन दिवस बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करू नका. आणि गिळायला त्रास असलेल्या लेकराच्या तोंडात एरंडेल ओतू नका. तेल फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं.

दुखतंय हे या मुलांना सांगता येत नाही. ती हात चावतात, दात खातात, डोकं आपटतात, रात्र रात्र जागतात. मग कुणी दृष्ट काढतं, कुणी म्हणतं, “आजारच तसा आहे.” हे वाक्य ऐकलं की जीव तुटतो, कारण जळजळ आणि बद्धकोष्ठता या दोन्हींवर उपचार आहेत. कॉर्नेलिया डी लांगे सिंड्रोम या जन्मजात आजारात तर जठरातलं आम्ल अन्ननलिकेत उलट येणं फार सर्रास दिसतं. वागणं अचानक बदललं, तर आधी पोट बघा. शी कधी झाली, कशी झाली, उलटी, झोप, सगळं वहीत लिहा. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे अशा मुलांची तपासणी होते त्या सरकारी केंद्रात, जाताना ती वही सोबत न्या.

काही वेळा मात्र वहीत लिहीत बसायला सवड नसते. प्रेडर-विली सिंड्रोम या जन्मजात आजारात भूक भागतच नाही. या मुलांना उलटी सहसा होत नाही आणि दुखणंही कमी जाणवतं. लग्नाच्या पंगतीत नजर चुकवून भरपूर खाल्लं, पोट ताणलं आणि उलटी झाली, तर जठराचा रक्तपुरवठा तुटून ते फाटण्याचा धोका असतो. ताप नाही, रडत नाही, म्हणून सकाळची वाट बघू नका. कुठल्याही लेकराला हिरवी उलटी झाली, पोट फुगून शी आणि वारा दोन्ही बंद झाले, तरी हेच. आतड्याला पीळ बसलेला असू शकतो. १०८ ला फोन लावा आणि दवाखान्यात पोचताच आजाराचं नाव सगळ्यात आधी सांगा.