बेलशेजारची पट्टी

श्रोतेहो, नमस्कार.

जर्मनीत येऊन आम्हाला तीन आठवडे झाले होते. बँकेत खातं उघडलं होतं. कार्ड एका पाकिटातून आणि पिन दुसऱ्या पाकिटातून पोस्टाने घरी यायचा होता. मी रोज संध्याकाळी जिना उतरून पत्रपेटी बघायची. पेटी रिकामी. शेवटी बँकेत जाऊन विचारलं, तेव्हा कळलं की दोन्ही पाकिटं परत आली आहेत. पत्ता अचूक होता. रस्त्याचं नाव, इमारतीचा नंबर, पिनकोड, सगळं. फक्त पेटीवर आमचं आडनाव नव्हतं.

जर्मनीतल्या बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो. खाली दाराशी बेलच्या बटणांची रांग असते आणि प्रत्येक बटणाशेजारी एक आडनाव. पत्रपेट्यांवरही आडनावंच. पोस्टमन आडनाव शोधतो. सापडलं तर पत्र पेटीत पडतं, नाही तर आल्या वाटेने परत जातं. तीन महिन्यांसाठी सामानासकट घेतलेल्या त्या घराच्या बेलवर मालकांचं नाव होतं आणि ही गोष्ट आमच्या ध्यानातच आली नव्हती. त्या संध्याकाळी मालकांना विचारून कागदाच्या एका पट्टीवर ठळक अक्षरांत आडनाव लिहिलं आणि पेटीवर चिकटवलं. चार दिवसांनी पहिलं पाकीट आलं.

परदेशात बिऱ्हाड थाटायचं म्हटलं की लोक मला भाड्याबद्दल विचारतात, फर्निचरबद्दल विचारतात. मी त्यांना आधी पत्त्याबद्दल विचारते. जर्मनीत घर म्हणजे आधी नोंदलेला पत्ता, चार भिंती त्यानंतर. हा क्रम उलटा झाला की माणसाची फार ओढाताण होते, आणि ती मी अगदी जवळून पाहिली आहे.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत तुम्हाला महापालिकेच्या नागरिक कार्यालयात जाऊन नाव नोंदवावं लागतं. या नोंदणीला आनमेल्डुंग म्हणतात. ती झाली की कर खात्याचा ओळख क्रमांक पोस्टाने घरी येतो. हा क्रमांक नोकरीच्या ठिकाणी वेळेत दिला नाही, तर पगारातून सगळ्यात चढ्या दराने कर कापला जाऊ शकतो. पैसे पुढे परत मिळतात, पण पहिल्या महिन्यांत हातात रोकड लागते, तेव्हा ते नसतात. आता गंमत नाही, पण अडचण बघा. चांगलं घर मिळवायला पगाराच्या पावत्या लागतात. पगार सुरळीत व्हायला कर क्रमांक लागतो. कर क्रमांकाला नोंदणी लागते आणि नोंदणीला घर लागतं. या चक्रात कुठून तरी शिरायला हवं. शिरायची जागा म्हणजे तात्पुरतं घर.

म्हणून तात्पुरतं घर बघताना माझा पहिला प्रश्न एकच असतो: इथे आनमेल्डुंग करता येईल का? नोंदणीसाठी भाडेकरार पुरत नाही. घर देणाऱ्याने सही केलेला एक वेगळा दाखला लागतो, १ नोव्हेंबर २०१५ पासून तो सक्तीचा आहे. खोली कितीही स्वस्त असो, कितीही मोक्याच्या जागी असो, मालक हा दाखला द्यायला नाही म्हणाला तर ती खोली सोडून द्या. आणि निघण्याआधीच नागरिक कार्यालयाची वेळ ऑनलाइन मिळते का ते बघत राहा. मोठ्या शहरांत ही वेळ सहजी मिळत नाही.

एक कळकळीची विनंती. कायमचं घर मायदेशात बसून, फोटो बघून ठरवू नका. फसवणुकीचा एक ठरलेला साचा आहे. घर सुंदर, भाडं आश्चर्य वाटावं इतकं कमी. मालक सांगतो, मी सध्या दुसऱ्या देशात आहे, तुम्ही डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरने येईल. चावी येत नाही. आमच्या ओळखीतल्या एका मुलाचे दोन महिन्यांच्या भाड्याइतके पैसे असे गेले. तो चांगला शिकलेला, हुशार मुलगा. घाईत होता, एवढंच. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि करारावर सही झाल्याशिवाय एक युरोसुद्धा पाठवू नका.

आता जाहिराती. जर्मन जाहिरातीत भाड्याचे दोन आकडे असतात. काल्टमीटे म्हणजे थंड भाडं, नुसत्या जागेचं. वार्ममीटे म्हणजे गरम भाडं. त्यात पाणी, कचरा, जिन्याची सफाई असे खर्च आणि बहुधा हीटिंगही धरलेलं असतं. वीज आणि इंटरनेट सहसा दोन्हींत नसतं. बजेट करताना गरम भाडं धरा आणि त्यावर विजेचे पैसे वेगळे काढून ठेवा. दोन खोल्यांचं घर म्हणजे एक झोपायची खोली आणि एक बैठकीची. स्वयंपाकघर आणि बाथरूम मोजणीत नसतात. हे कळायला आम्हाला बरेच दिवस लागले, तोवर आम्ही उगाच मोठी घरं बघत होतो.

अर्ज करताना कागदांची एक फाइल तयार ठेवा: पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, नोकरीचा करार, असतील तर गेल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, आणि शूफाचा उतारा. शूफा ही १९२७ सालापासून चालत आलेली संस्था. कोण देणी वेळेवर फेडतं याची नोंद ती ठेवते आणि घरमालकांचा तिच्यावर भरवसा असतो. नवीन आलेल्या माणसाची तिथे पाटी कोरी असते. कोरी पाटी म्हणजे वाईट पाटी नव्हे, पण मालकाला ते समजावून सांगावं लागतं. आम्ही नोकरीच्या ठिकाणाहून एक पत्र घेतलं, त्यात पगार आणि कायम नोकरी असल्याचं लिहिलेलं होतं. शिवाय अर्ध्या पानाचं, जर्मन भाषेत लिहिलेलं स्वतःविषयीचं पत्र जोडलं. आम्ही कोण, काय काम करतो, कशासाठी आलो, किती वर्षं राहायचं म्हणतो. शेजारच्या एका आजोबांनी त्यातल्या चुका दुरुस्त करून दिल्या. माझी खात्री आहे की आमचं घर त्या अर्ध्या पानाने मिळवून दिलं.

मालकाने नेमलेला दलाल तुमच्याकडे दलाली मागू शकत नाही. १ जून २०१५ पासूनचा नियम आहे: ज्याने दलाल लावला त्याने पैसे द्यायचे.

स्टुटगार्टमध्ये आम्ही अकरा घरं बघितली. एका घराच्या जिन्यात वरपासून खालपर्यंत लोक उभे होते, प्रत्येकाच्या हातात फाइल. बाराव्या घराच्या मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी फाइल उघडली, पत्र वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, “केरवोखे माहीत आहे का?” त्या भागातल्या जुन्या इमारतींत जिना झाडण्यापुसण्याची आळीपाळीने पाळी असते. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला एक छोटी पाटी लटकवलेली असते. आठवडा संपला, जिना स्वच्छ झाला की ती पाटी आपण शेजाऱ्याच्या दाराला लटकवायची. मी म्हटलं, “माहीत नव्हतं, पण आनंदाने करू.” त्यांनी मान डोलावली. पुढे मी बघितलं, त्या पाटीमुळे शेजाऱ्यांशी पहिलं बोलणं होतं. जिन्यात ओला मॉप घेऊन उभ्या असलेल्या नव्या बाईशी सगळेच दोन शब्द बोलतात.

डिपॉझिट, म्हणजे काउत्सिओन, तीन महिन्यांच्या थंड भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. ते तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. मालकाने ते स्वतःच्या पैशांपासून वेगळं ठेवायचं असतं. सही करण्याआधी करारातलं आणखी एक कलम शोधा. भाडेकरूला सहसा तीन महिन्यांची नोटीस देऊन घर सोडता येतं, पण काही करारांत ठरावीक काळ घर सोडणार नाही असं लिहून घेतलेलं असतं, कधी कधी चार वर्षांपर्यंत. नोकरीवर व्हिसा अवलंबून असलेल्या माणसाने अशा कलमावर दहादा विचार करावा. आणि नोटीस नेहमी कागदावर, सही करून द्यावी. ईमेल चालत नाही.

चाव्या हातात मिळण्याचा दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. मालकीणबाई कार्बन लावलेले कागद घेऊन आल्या होत्या. प्रत्येक खोलीत थांबून त्या लिहित होत्या. खिडकीच्या चौकटीवर ओरखडा, एक. बाथरूमच्या फरशीत बारीक भेग, एक. मग तळघरात जाऊन वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे. चाव्या किती, हेसुद्धा. या नोंदवहीला युबरगाबेप्रोटोकॉल म्हणतात. एवढं कशाला, आपला विश्वास आहे, असं म्हणून हे काम कधीही उरकू नका. घर सोडताना डिपॉझिटमधून काय कापायचं ते याच कागदावर ठरतं. जे लिहिलेलं नाही ते तुम्ही केलं असं धरलं जाण्याची भीती असते. आम्ही त्याशिवाय भिंतीभिंतीचे फोटो काढले आणि त्याच रात्री मालकीणबाईंना पाठवले.

त्या गेल्या आणि आम्ही स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिलो. तिथे काही नव्हतं. ओटा नाही, शेगडी नाही, सिंक नाही. भिंतीतून नळाचे पाइप बाहेर आलेले, त्यांच्या तोंडांना बुचं, खाली शेगडीच्या जाड वायरची पेटी. जर्मनीत पुष्कळ घरं अशीच मिळतात. आधीचा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर सोबत घेऊन जातो, नाही तर ठरवलेल्या किमतीला नव्या भाडेकरूला विकतो. जाहिरातीत ‘आइनबाउक्युशे’ हा शब्द असेल तर स्वयंपाकघर बसवलेलं आहे. तो शब्द नसेल तर नाही असंच समजा. आणि जुना भाडेकरू विकत असेल तर घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. नवीन ओटा मापाने करून यायला कित्येक आठवडे जातात आणि तेवढे दिवस भांडी बाथरूममध्ये घासावी लागतात. आम्ही सात आठवडे घासली.

छताकडे बघितलं तर प्रत्येक खोलीत दोन-तीन उघड्या वायरी लोंबत होत्या. दिवेही जाणारा माणूस घेऊन जातो. शनिवार संध्याकाळ होती, दुकानं बंद व्हायच्या बेतात, आणि रविवारी तर दुकानं बंदच असतात. आम्ही धावत जाऊन एक टेबललॅम्प आणला. ती रात्र आणि पुढचा सबंध रविवार तो दिवा हातात धरून आम्ही या खोलीतून त्या खोलीत गेलो. तुम्ही घर ताब्यात घेणार असाल तर शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी घ्या.

फर्निचरची घाई मात्र करू नका. रात्री झोपायला गादी, बसायला दोन खुर्च्या, एक टेबल, एवढ्यावर महिनाभर सहज निघतो. घर सोडणारे लोक फार चांगल्या वस्तू थोडक्या पैशांत देतात. आमचं जेवणाचं टेबल शेजारच्या गल्लीतल्या कुटुंबाकडून आलं. चौघांनी मिळून ते हातांनी उचलून आणलं.

हिवाळ्याबद्दल एक सांगते, कारण यावरून मालक-भाडेकरूंत खूप भांडणं होतात. थंडी वाटते म्हणून खिडक्या घट्ट मिटून बसलं की आंघोळीची, स्वयंपाकाची, श्वासाची वाफ घरातच राहते आणि भिंतीच्या थंड कोपऱ्यात काळी बुरशी धरते. खिडकी दिवसभर किलकिली ठेवणंही चुकीचं, त्याने भिंत गार होते. दिवसातून दोन-तीन वेळा हीटर बंद करून सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या आणि परत लावायच्या. पहिल्या हिवाळ्यात आमच्या कपाटामागे बुरशी आली होती. कपाट भिंतीला चिकटवून ठेवलं होतं, म्हणून. ते वीतभर पुढे ओढलं आणि पुढच्या वर्षी आली नाही.

नाव नोंदवलं की रेडिओ-टीव्ही प्रसारणाच्या शुल्काचं पत्रही येतं, २०२१ पासून महिन्याला १८.३६ युरो. घरात टीव्ही नसला तरी ते द्यावं लागतं, पण माणशी नाही, घरटी एकदाच. चौघं मिळून राहत असाल तर एकाने भरायचं. ते पत्र बाजूला ठेवून देऊ नका. आणि भाडं, डिपॉझिट, वार्षिक खर्चाचा हिशेब यांतलं काही पटत नसेल तर गावोगावी भाडेकरूंचे संघ आहेत. वर्षाची वर्गणी भरली की त्यांचे जाणकार तुमचा करार वाचून देतात. परक्या भाषेतला हिशेब एकट्याने वाचत बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

गेल्या वर्षी एक तरुण जोडपं आमच्याकडे दोन महिने राहिलं. मालकीणबाईंची लेखी परवानगी काढली, एक खोली रिकामी करून दिली, घर देणारी म्हणून दाखल्यावर मी सही केली. ते विमानतळावरून यायच्या आदल्या दिवशी मी खाली गेले आणि आमच्या आडनावाखाली, बेलशेजारी आणि पेटीवर, त्यांच्या आडनावाची पट्टी लावली. आडनाव लांबलचक, त्यामुळे अक्षरं बारीक करावी लागली. अठराव्या दिवशी पेटीत कर खात्याचं पाकीट होतं. मी ते घेऊन वर गेले आणि त्यांचं दार वाजवलं.