लाक-मेगांतिक: सात हँडब्रेकचा हिशेब

[नकाशा: नांत ते लाक-मेगांतिक]

५ जुलै २०१३ची रात्र. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, नांत गावाजवळ मेन लाइनवर एक मालगाडी रात्रीपुरती उभी केली जाते. पुढे पाच इंजिनं, त्यांच्यामागे दोन इतर वाहनं, मग कच्च्या तेलाच्या ७२ टँक वॅगन. वजन ९,३०० टनांच्या घरात. रूळ इथे दर १०० मीटरला जवळजवळ एक मीटर उतरतो. उताराच्या खाली, साडेअकरा किलोमीटरवर, लाक-मेगांतिक शहर.

चालक सात हँडब्रेक, म्हणजे हाताने आवळायचे ब्रेक, लावतो: पाच इंजिनांचे आणि त्यांच्यामागच्या दोन वाहनांचे. तेलाच्या एकाही वॅगनचा नाही. मग चाचणी. ती करताना सगळे एअर ब्रेक (दाबाच्या हवेवर चालणारे) सोडायचे आणि गाडी निव्वळ हँडब्रेकवर तगते का, हे पाहायचं असतं. इथे इंजिनांचे एअर ब्रेक लागलेलेच होते. गाडी हलली नाही. पण तिला नेमकं कोणी धरलंय, ते कळलंच नाही. सगळ्या तपासाची मेख इथेच आहे.

[दृश्य: इंजिनाचा उभा छेद]

पुढच्या इंजिनाची दुरुस्ती आदल्या वर्षी इपॉक्सीसारख्या (घट्ट होणाऱ्या चिकट) पदार्थाने उरकली होती. तो टिकला नाही. इंजिनाचं तेल टर्बोचार्जरमध्ये (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या भागात) साचलं, तापलं आणि मध्यरात्रीच्या थोडं आधी पेटलं. अग्निशमन दलाने इंजिन बंद केलं, विजेचे ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारे स्विच, खाली केले. रेल्वेने पाठवलेला माणूस रुळांच्या कामाचा, इंजिनाचा नव्हे. चालू इंजिन आता एकही उरलं नाही, म्हणजे एअर ब्रेकना दाबाची हवा पुरवणारा कॉम्प्रेसरही बंद.

हवा झिरपू लागली. गाडीभर जाणाऱ्या हवेच्या नळीतला, म्हणजे ब्रेक पाइपमधला, दाब झपाट्याने उतरला तरच वॅगनचे ब्रेक आपोआप लागतात. संथ गळतीची दखल ते घेत नाहीत. ब्रेकर पडल्यावर ब्रेक लावू शकली असती अशी एक सुरक्षा यंत्रणा इंजिनात होती, पण तिची वायरिंग तशी केलेली नव्हती.

एक वाजायच्या सुमारास गाडी घरंगळली. शहरातल्या वळणावर पोचली तेव्हा वेग ताशी १०४ किलोमीटर. ६३ टँक वॅगन घसरल्या, सुमारे ६० लाख लिटर तेल सांडलं आणि पेटलं. ४७ माणसं गेली.

[दृश्य: इव्हेंट रेकॉर्डरचा आलेख]

इंजिनं मात्र वॅगनपासून सुटून रुळावरच राहिली. त्यामुळे इंजिनातल्या इव्हेंट रेकॉर्डरमधली (नोंद ठेवणाऱ्या यंत्रातली) दाबाची आणि वेगाची नोंद तपासनिसांच्या हाती लागली. कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने गणित मांडलं: गाडी धरायला सुमारे १,४६,७०० पौंड जोर हवा होता, सात हँडब्रेक मिळून देत होते सुमारे ४८,६००, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश. उरलेला भार हवेवर.

ऑगस्ट २०१४च्या अहवालात १८ कारणं आणि साहाय्यक घटक आहेत. बातम्यांमध्ये बोट बहुतेकदा चालकाकडेच वळलं. त्याने कंपनीच्या नियमाइतके, म्हणजे नऊ, हँडब्रेक लावले असते तर? तरीही गाडी सुटलीच असती. मंडळाच्या हिशेबाने किमान १७ लागणार होते, कदाचित २६.